ॲट्रॅक्टर म्हणजे काय? कोणता आकार ॲट्रॅक्टर होऊ शकतो आणि कोणता नाही

मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा, सायंटिफिक मोड लावा आणि शून्यापेक्षा मोठा कोणताही आकडा टाका. समजा १९०५ टाकला. आता वर्गमूळाचं बटण दाबत राहा. ४३.६५, ६.६१, २.५७, १.६०, १.२७... थोड्या वेळाने स्क्रीनवर १ येतो आणि मग कितीही वेळा दाबा, तिथून हलत नाही. ०.०००१ पासून सुरू केलं तरी ०.०१, ०.१, ०.३२ असं करत गाडी वर चढते आणि १ वरच थांबते.

तुम्ही नुकतीच एक डायनॅमिकल सिस्टिम चालवली. नाव भारी वाटतं, पण लागतात फक्त दोन गोष्टी: एक अवस्था (इथे स्क्रीनवरचा आकडा) आणि पुढची अवस्था ठरवणारा एक नियम (इथे वर्गमूळ). सगळे आकडे शेवटी जिकडे ओढले जातात तो १ हा या सिस्टिमचा ॲट्रॅक्टर.

शून्याचं काय? शून्याचं वर्गमूळ शून्यच, म्हणजे तोही जागचा हलत नाही. पण त्याच्या जरा बाजूला, ०.०००१ वर उभे राहिलात तर तुम्ही त्याच्यापासून लांब जाता. म्हणून शून्य स्थिर आहे, पण ॲट्रॅक्टर नाही. नुसतं जागेवर बसून राहणं पुरेसं नाही, शेजारच्यांना ओढून घेता आलं पाहिजे. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

## देवळालीचे मास्तर आणि ६१७४

ॲट्रॅक्टरचं सगळ्यात मस्त उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. आकड्यांशी खेळायचं वेड मात्र जबरदस्त. १९४९ मध्ये त्यांना पुढची गोष्ट सापडली.

चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याच्यावर पुन्हा तेच. कापरेकरांचंच जन्मवर्ष घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ वर तोच नियम लावला की पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. योगायोग बघा, मास्तरांच्या जन्मवर्षाला पूर्ण सात लागल्या. ००००पासून ९९९९पर्यंतच्या १०,००० संख्यांपैकी ९,९९० संख्या ६१७४ कडे जातात. उरलेल्या दहा म्हणजे ११११, २२२२ वगैरे, त्या थेट शून्यावर पडतात.

ॲट्रॅक्टरकडे ओढल्या जाणाऱ्या सगळ्या अवस्थांना मिळून इंग्रजीत बेसिन म्हणतात. मराठीत त्याला शब्द शोधायची गरजच नाही, भूगोलाच्या पुस्तकात आहे: खोरं. खाम नदीत पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो, म्हणून तो भाग गोदावरीच्या खोऱ्यात. तसं ९,९९० संख्यांचं खोरं ६१७४ चं आणि दहा संख्यांचं खोरं शून्याचं.

कापरेकरांकडे आपल्याकडे फार कुणी गांभीर्याने बघितलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगभर नाव झालं.

आता हाच खेळ दोन अंकी संख्यांवर करा. तिथे एक आकडा सापडतच नाही, सापडतो फेरा: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. पाच अंकी संख्यांत तर तीन वेगवेगळे फेरे आहेत. त्यातला सगळ्यात लहान दोघांचाच: ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. म्हणजे ॲट्रॅक्टर हा एकच बिंदू असला पाहिजे असं नाही. तो अनेक बिंदूंचा संच असू शकतो. अवस्था मोजक्याच असतील तर शेवटी एक बिंदू नाहीतर एक फेरा, तिसरं काही होऊच शकत नाही, कारण कधी ना कधी जुनी अवस्था परत येणारच.

खरी मजा अवस्था अनंत असल्यावर सुरू होते. मग ॲट्रॅक्टर रेघ असू शकतो, वर्तुळ असू शकतो, फर्नचं पान असू शकतो. आणि मग प्रश्न पडतो: कोणताही आकार चालेल का?

## आधी ‘कॉम्पॅक्ट’ शब्दाचा निकाल लावू

गणितवाले म्हणतात, ॲट्रॅक्टर हा कॉम्पॅक्ट संच असतो. कागदावरच्या आकारांपुरतं बोलायचं तर याचा अर्थ दोन अटी. एक, आकार मर्यादित हवा, अनंतापर्यंत पसरलेला नको. दोन, त्याची हद्द त्याच्यातच धरलेली हवी.

आमच्या वाळूजच्या एमआयडीसीतला प्लॉट डोळ्यांपुढे आणा. कंपाउंडच्या भिंतीसकट प्लॉट कॉम्पॅक्ट. भिंत वगळून फक्त आतली जमीन मोजली तर नाही. भिंतीचा एवढा हट्ट कशाला? १, १/२, १/४, १/८... हे बिंदू शून्याकडे सरकत जातात. शून्य जर संचात धरलाच नाही, तर सगळे जिथे पोहोचू पाहतात ती जागाच यादीतून गायब.

बाकीची व्याख्या सोपी आहे. नियम लावल्यावर आकार आहे तसाच परत मिळाला पाहिजे. आणि आकाराभोवती थोडीशी का होईना, अशी एक पट्टी हवी की त्या पट्टीतला प्रत्येक बिंदू आकाराकडे ओढला जाईल. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

## सलग वाहणारी सिस्टिम: शॉकअप आणि इंडिकेटर

वर्गमूळ आणि वजाबाकीत आपण उड्या मारत होतो. खऱ्या मशिनमध्ये वेळ सलग वाहते. बाइक खड्ड्यात आपटली की शॉकअप खालीवर होऊन शांत होतो. त्याची अवस्था म्हणजे दोन आकडे, किती दबलाय आणि किती वेगाने हलतोय. हे दोन्ही आकडे कागदावर मांडले तर एक गोल गोल फिरत आत येणारी रेघ मिळते, ती स्थिर बिंदूवर संपते. ॲट्रॅक्टर एक बिंदू. (ऑइल लीक झालेला शॉकअप किती वेळ डोलतो ते ज्यांनी गंगापूर रोडला अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

जुन्या बाइकचा इंडिकेटर वेगळा. बटण दाबल्यावर पहिली टिकटिक जरा मागेपुढे होते, पण लगेच ठरलेला ताल पकडतो. इथे ॲट्रॅक्टर बिंदू नाही, बंद वळण आहे, म्हणजे आकाराने वर्तुळच. आतून सुरुवात करा किंवा बाहेरून, त्या वर्तुळावरच येता.

पण कागदावर असा वर्तुळाचा ॲट्रॅक्टर असला की त्याच्या पोकळीत किमान एक हट्टी बिंदू राहतोच, जो वर्तुळाकडे जात नाही. कारण सरळ आहे. ढोलकीचं कातडं विचारात घ्या. सगळं कातडं कडेच्या रिंगणावर जमा करायचंय, पण फाडायचं नाही. जमणार नाही. मध्ये कुठेतरी भोक पडणारच. ते भोक म्हणजे हट्टी बिंदू. एका वर्तुळाला याने काही बिघडत नाही, कारण पट्टी अरुंद घ्यायची, हट्टी बिंदू तिच्या बाहेर राहतो.

## खिळ्याला अडकवलेल्या बांगड्या

आता एक आकार घेऊ. भिंतीवर एक खिळा, त्याला अडकवलेल्या बांगड्या. पहिलीची त्रिज्या १, दुसरीची १/२, तिसरीची १/४, असं अनंतापर्यंत. सगळ्या खिळ्यापाशी एकमेकींना चिकटलेल्या. गणितात याला हवाईयन इअररिंग म्हणतात. आकार मर्यादित आहे, हद्दही त्यातच आहे, म्हणजे कॉम्पॅक्ट. मग सलग वाहणाऱ्या सिस्टिमचा हा ॲट्रॅक्टर होऊ शकतो का?

नाही. लागोपाठच्या दोन बांगड्यांमधल्या प्रत्येक पोकळीत एक हट्टी बिंदू हवाच. बांगड्या लहान होत खिळ्याकडे सरकतात, म्हणजे हे हट्टी बिंदूही आकाराच्या वाटेल तितक्या जवळ येतात. तुम्ही कितीही अरुंद पट्टी घ्या, लहान बांगड्यांच्या पोकळ्या अख्ख्याच्या अख्ख्या तिच्यात सापडतात, त्यातल्या हट्टी बिंदूंसकट. आणि अट तर अशी होती की पट्टीतला प्रत्येक बिंदू ओढला गेला पाहिजे. खेळ खलास.

हे फक्त बांगड्यांपुरतं नाही. बर्न्ड ग्युंथर आणि जॅक सेगल या दोघांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं की सलग वाहणाऱ्या सिस्टिमचा ॲट्रॅक्टर, भोकांच्या हिशोबाने, त्रिकोण-चौकोन-ठोकळे जोडून केलेल्या मर्यादित आकारासारखाच असतो. थोडक्यात, भोकं मोजून संपली पाहिजेत. उलट बाजूही खरी: ही अट पाळणारा मर्यादित मितींचा कोणताही कॉम्पॅक्ट आकार पुरेशा मोठ्या मितींच्या जागेत ठेवून त्याला ॲट्रॅक्टर बनवता येतो. लॉरेन्झचं १९६३ चं प्रसिद्ध फुलपाखरू दिसायला कितीही गुंतागुंतीचं असलं तरी भोकांच्या हिशोबाने ते इंग्रजी आठाचा आकडा आहे. दोन भोकं, बस.

याचा एक विचित्र परिणाम आहे. एक लाट काढा, जी उजवीकडून डावीकडे येताना दाट दाट होत जाते आणि डावीकडच्या भिंतीपाशी अनंत वेळा खालीवर होते. गणितात y = साइन(१/x). त्यात भिंतीवरचा −१ ते १ हा उभा तुकडाही धरा. हा आकार इतका वेडावाकडा आहे की लाटेवरून चालत भिंतीपर्यंत कधीच पोहोचता येत नाही. तरी तो सलग सिस्टिमचा ॲट्रॅक्टर होऊ शकतो. त्याला एकही भोक नाही ना. बाहेरून चारी बाजूंनी हळूहळू आत ढकलत आणायचं आणि आकारावर आल्यावर सगळं थांबवायचं. नियमाला वेडेवाकडेपणाशी देणंघेणं नाही, फक्त भोकांशी आहे.

## झेरॉक्सवाला वेगळंच सांगतो

आता दुसरी सिस्टिम. झेरॉक्सच्या दुकानात जा, हातात कोणताही कागद, आधार कार्ड चालेल. त्याच्या अर्ध्या साइझच्या तीन कॉप्या काढा, त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर चिकटवा. जे झालं त्याच्या पुन्हा अर्ध्या साइझच्या तीन कॉप्या, पुन्हा तसंच चिकटवा. इथे अवस्था म्हणजे अख्खं चित्र. पाच-सहा फेऱ्यांनंतर आधार कार्ड ओळखू येत नाही, दिसतो जाळीदार सिअरपिन्स्की त्रिकोण. सुरुवात रेशन कार्डाने केली असती तरी तोच. म्हणजे हा त्रिकोण या सिस्टिमचा ॲट्रॅक्टर. अशा पद्धतीला आयएफएस म्हणतात: अंतर कमी करणारे मोजके नियम, सगळे एकाच वेळी लावायचे. त्याचा गणिती पाया जॉन हचिन्सन यांनी १९८१ मध्ये घातला.

झेरॉक्सचे पैसे वाचवायचे असतील तर नकाशा घ्या. वेरूळ, पैठण आणि वैजापूर हे तीन कोपरे. सुरुवात वाळूजपासून. सापशिडीचा फासा टाका: १ किंवा २ आला तर वेरूळच्या दिशेने निम्मं अंतर जाऊन ठिपका, ३ किंवा ४ ला पैठण, ५ किंवा ६ ला वैजापूर. ठिपक्यापासून पुढे तसंच. हजारभर ठिपक्यांनंतर तोच जाळीदार त्रिकोण नकाशावर उमटतो. वाळूज त्या जाळीवर नसलं तरी चालतं, कारण दर उडीला जाळीपासूनचं अंतर किमान निम्मं होतं. सुरुवातीला १५ किलोमीटर लांब असाल तर दहा उड्यांनंतर १५ मीटरच्या आत. प्रोग्रॅमिंग येत असेल तर हे वीस ओळींचं काम आहे, जरूर करून बघा.

तर झेरॉक्स पद्धतीने कोणते आकार मिळतात? मघाची खिळ्यावरची बांगड्यांची माळ मिळते! पूर्ण माळेची अर्धी कॉपी काढली की पहिली बांगडी सोडून बाकी सगळी माळ तयार. उरली पहिली बांगडी. माळ आडव्या रेघेवर चेपायची, ती रेघ छोटी करून बांगडीच्या एका तुकड्यावर वाकवून बसवायची. असे पुरेसे तुकडे केले की पूर्ण बांगडी झाकली जाते. मोजके नियम, प्रत्येक अंतर कमी करणारा, काम झालं.

आणि दाट होत जाणारी ती लाट? ती मात्र मिळत नाही. मासायोशी हाता यांनी १९८५ मध्ये दाखवलं की आयएफएसचा ॲट्रॅक्टर एकसंध असेल तर तो बारीक पातळीवरही एकसंध असतो. कारण समजायला अवघड नाही. ॲट्रॅक्टर म्हणजे स्वतःच्याच छोट्या कॉप्यांचा जोड. नियम पुन्हा पुन्हा लावले की कॉप्या हव्या तितक्या बारीक होतात, पण प्रत्येक कॉपी एकसंधच राहते आणि संख्येने त्या मर्यादितच असतात. लाटेला भिंतीपाशी अशा मोजक्या बारीक एकसंध तुकड्यांनी झाकून दाखवा. अनंत चढउतार आहेत, प्रत्येकाला वेगळा तुकडा लागेल. तुकडे संपतील, लाट संपणार नाही.

बांगड्या एका सिस्टिममध्ये नापास आणि दुसऱ्यात पास, लाटेचं बरोबर उलटं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. ‘हा आकार ॲट्रॅक्टर होऊ शकतो का’ असं कुणी विचारलं तर आधी विचारायचं, कोणत्या सिस्टिमचा?

## मग फोटोचं काय?

मायकल बार्न्सली यांना १९८० च्या दशकात वाटलं की फोटो साठवण्याऐवजी, तो फोटो ज्याचा ॲट्रॅक्टर आहे ते नियमच साठवावेत. त्यांचं फर्नचं पान प्रसिद्ध आहे: चार नियम, प्रत्येकात सहा आकडे, म्हणजे चोवीस आकड्यांत अख्खं पान. मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा ज्ञानकोशाच्या सीडीमधली चित्रं याच फ्रॅक्टल पद्धतीने दाबून भरली होती. पण फोटोवरून नियम शोधायला फार वेळ लागायचा, आणि शेवटी जेपेग जिंकलं. तुमच्या गॅलरीतले फोटो बहुतेक जेपेगच आहेत.

पण थांबा, सगळे आकार आयएफएसचे ॲट्रॅक्टर नसतात असं आत्ताच म्हटलं. मग कोणताही फोटो या पद्धतीत बसेल कसा? कारण स्क्रीनला तंतोतंत आकार लागतच नाही. १०८० बाय २४०० च्या स्क्रीनवर २५,९२,००० पिक्सेल असतात. चित्रात जो पिक्सेल काळा आहे त्याच्यासाठी एक नियम लिहा: ‘कुठूनही या, इथेच या.’ हा नियम अंतर शून्यावर आणतो, म्हणजे आयएफएसमध्ये चालतो. असे सगळे नियम एकत्र केले की ॲट्रॅक्टर म्हणजे तुमचं चित्र. लाट असो, बांगड्या असोत, कोणताही कॉम्पॅक्ट आकार हव्या तितक्या जवळून असा गाठता येतो. ही अर्थात चीटिंग आहे, जागा काहीच वाचली नाही, लाखो नियम झाले. बार्न्सलींची हुशारी कमी नियमांत तेवढंच जवळ जाण्यात होती. पण स्क्रीन कधीही सांगू शकणार नाही की समोरचा आकार खरा ॲट्रॅक्टर आहे की त्याचा शेजारी. हाता किंवा ग्युंथर-सेगल यांचा निकाल झूम करून दिसत नाही, तो सिद्धच करावा लागतो.

## दोनदा गुंडाळलेला रबरबँड

अजून एक जात उरली: उड्या मारणारी, पण उलटी फिरवता येणारी सिस्टिम. सायकलची फुगवलेली ट्यूब घ्या. कल्पनेत तिला दुप्पट लांब ताणा, बारीक करा आणि वहीला रबरबँड दोनदा गुंडाळतो तशी मूळ ट्यूबच्याच पोकळीत दोन वेढे घालून बसवा. पुन्हा तेच: आता आत चार वेढे, मग आठ, सोळा. शेवटी जे उरतं त्याला सोलेनॉइड म्हणतात. स्टीफन स्मेल यांनी १९६७ मध्ये ते डायनॅमिकल सिस्टिममध्ये आणलं. उड्यांच्या सिस्टिमचा तो पक्का ॲट्रॅक्टर आहे, पण सलग सिस्टिमचा कधीच नाही, कारण त्याच्या भोकाचा हिशोब कुठल्याही मर्यादित ठोकळ्यांच्या आकाराशी जुळत नाही. दर फेरीला तेच भोक दुप्पट वेळा वेढलं जातं.

त्रिमितीत तर आकार कसा आहे एवढ्यावरही भागत नाही, तो जागेत कसा गुंतलाय हेही बघावं लागतं. स्पॅनिश गणिती सांचेझ-गाबितेस यांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्रिमितीत काही साधे धागे, काही चेंडू आणि काही गोलपृष्ठं अशी आहेत, जी ना सलग सिस्टिमचे ॲट्रॅक्टर होऊ शकतात ना उलट्या फिरणाऱ्या उड्यांचे. धागा म्हणून तो सरळ रेघेसारखाच आहे, मध्ये कुठे तुटलेला नाही, एकही भोक नाही. पण जागेत इतका अनंत वेळा गुंतलाय की त्याच्याभोवती पट्टी घेऊन तिला आत ओढत न्यायचा कोणताही नियम लिहिता येत नाही.